वाटा गेल्या, साकव गेले. यंदा गोमुख-तपोवनला जावं का? (बडोद्याहून)

दांडियाबाजार_डायरी

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे आठ-दहा जण ऑक्टोबरमध्ये गंगोत्री-गोमुख-तपोवन (गोमुखाच्या वरचं पठार) करायचं म्हणतोय. पावागड, रतनमहाल आणि सुट्टी जमली तर सह्याद्री, एवढं सगळ्यांचं चालणं आहे. दोघांनी माउंट अबूच्या संस्थेत कोर्स केलाय. त्यांना तपोवनहून पुढे शिवलिंग शिखराच्या पायथ्याशी जायचंय. (शिखर नाही हो, लगेच शुभेच्छा देऊ नका.)

अडचण अशी की ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत खीरगाड नाल्याचा लोंढा उतरला, तो सगळ्यांच्या घरच्यांनी मोबाइलवर पाहिलाय. गंगोत्रीचा रस्ता त्याच गावातून जातो. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, गंगोत्रीपासून ९ किमीवर चिरबासाच्या नाल्यावरचा कच्चा पूल गेला, दोन कावडिये वाहून गेले आणि पलीकडे अडकलेल्यांना एसडीआरएफने (राज्य आपत्ती दलाने) काढलं. आता रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो.

बडोद्यात बसून वाट चालू आहे की नाही हे खात्रीने कळायचं कसं? ज्या एजन्सीला फोन करावा ती म्हणते, 'सब खुला है सर, आप बस आ जाओ.'

आणि एक माझं मत, पटलं नाही तर भांडा. दर वर्षी नाल्यावर लाकडं टाकायची, दर पावसाळ्यात ती वाहू द्यायची, मग पुन्हा टाकायची, हा काय कारभार आहे? एकदाच लोखंडी पक्के पूल बांधून टाका ना. आमच्यातला एक जण तर म्हणतोय की आपणच वर्गणी काढून एक पूल देऊ.

शेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

पहिला!

जा बिनधास्त. तिकडच्या नाल्यात पडलात तर निदान आपल्या विश्वामित्रीसारखी खाली मगर नसते.

कलाभवनचा_म्हातारा

डायरीकार, भांडायला बोलावलंत म्हणून आलो. आयुष्यभर पूल आणि मोऱ्या हेच केलं, त्यामुळे थोडं लांबेल.

पूल पाण्याने 'तुटतो' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा पाणी वरच्या फळीला हातही लावत नाही. ते दोन्ही काठांवरच्या टेकूंखालची माती खरवडून नेतं. टेकू बसला की वरचं लोखंड कितीही भारी असो, ते खाली येतं. डोंगरातल्या नाल्याचं पात्र धोंडे, वाळू आणि चिखलाचंच असतं. तिथे पाया किती खोल नेणार आणि नेणार कसा? जेसीबी पाठीवर चढत नाही.

दुसरं, लोंढ्यात नुसतं पाणी नसतं. जुना ठोकताळा सांगतो की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तो ढकलू शकेल अशा दगडाचं वजन ढोबळमानाने ६४ पट होतं. सकाळी ज्या नाल्यात तुम्ही बाटली भरलीत, त्यातूनच संध्याकाळी मारुती गाडीएवढा धोंडा गडगडत येऊ शकतो. अशा ठिकाणी मधे खांब घेऊन पक्का पूल बांधलात, तर खांबाला ओंडके अडकतात, मागे पाणी तुंबतं, आणि पुलाचं धरण होऊन फुटतं. खालच्या लोकांना ते आणखी वाईट.

तिसरं, हे नाले जागा बदलतात. धराली खीरगाडने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावरच वसलं होतं. पंख्यावर नाला आज इथे, उद्या तिथे. तुमचा पक्का पूल कोरड्या जागी उभा राहील आणि नाला शेजारून हसत जाईल.

म्हणून लाकडी ओंडके, वर फळ्या, दगडांचे टेकू. गेला तर थोडक्या दिवसांत परत उभा. तो कारभार आळशी लोकांनी ठरवलेला नाही.

जिथे दोन्ही बाजूंना खडक आहे आणि उंची मिळते, तिथे तारांचा झुलता पूल जरूर बांधावा. त्याला पात्रात काही नसतं, तारा अडकवायचे अँकर काठापासून मागे वर असतात. नेपाळने हेच केलं. स्विस मदतीने तिथे अनेक दशकं पायी पुलांचं काम चाललंय आणि आज असे दहा हजारांच्या आसपास पूल आहेत.

वाचनमात्र

वाचतेय. काकांचा प्रतिसाद आवडला.

माची_ते_मंदिर

काका, तुमचं शास्त्र मान्य, पण यात एक सोय दडलीय. 'कच्चाच बरा' हे ट्रेकरसाठी ठीक. तो वर्षातून एकदा येतो, पूल नसला तर परत जातो, इथे चार ओळी लिहितो. गावातल्या बाईने काय करायचं? २०१३ च्या पुरानंतर केदारनाथकडच्या मंदाकिनी खोऱ्यात पूल गेलेल्या गावांना तारेवरच्या ट्रॉलीत बसून, हाताने दोर ओढत नदी ओलांडावी लागली. शाळेतली पोरं, गरोदर बायका, आजारी माणसं, सगळे तसेच. एका पावसाळ्यापुरतं नाही, कितीतरी काळ. तिथे कुणी 'नाला जागा बदलतो' म्हणून समजूत काढायची?

शेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

पक्क्या पुलाचं काय घेऊन बसलात. पादऱ्याजवळचा आपला गंभीरा पूल पक्काच होता. १९८५चा. ९ जुलै २०२५ ला सकाळी गाड्यांसकट मही नदीत गेला. तेव्हा ना ढगफुटी होती, ना धोंडे.

कलाभवनचा_म्हातारा

@माची, तुमचा मुद्दा रास्त आहे. मी ट्रेकच्या वाटेबद्दल बोलत होतो, गावाच्या पुलाबद्दल नाही. गावाला बारमाही पूल हवाच, आणि तो वरच्या अंगाला, खडकात, लांब पल्ल्याचा. खर्च जास्त, म्हणून फाइल फिरत राहते.

@शेवउसळ, गंभीरावर बोलायला लागलो तर मॉडरेटर धागा कुलूपबंद करतील. एवढंच सांगतो, पूल बांधायला पैसा मिळतो, पूल तपासायला मिळत नाही.

माहेर_बडोदा

मी मूळची राजमहाल रोडची, लग्नानंतर देहरादूनला. सासरची मंडळी भटवाडीकडची, म्हणजे गंगोत्रीच्या रस्त्यावरचीच. म्हणून चार गोष्टी.

खबर काढायची तर एजन्सीला विचारू नका. तिला तुमचा अॅडव्हान्स परत करायचा नसतो. गंगोत्रीपुढे गोमुखाच्या वाटेवर राष्ट्रीय उद्यान आहे, दिवसाला १५० माणसांनाच परवाना मिळतो आणि फाटकावर नोंद होते. वाट मोडली की परवाने थांबतात. म्हणून पहिला फोन उत्तरकाशीच्या वनखात्याला. दुसरा, आणि खरा, एखाद्या पोर्टरला किंवा गंगोत्रीतल्या चहावाल्याला. त्याला 'रास्ता खुला है?' असं विचारू नका, 'हो' म्हणेल. विचारा, 'चिरबासा वाले गधेरे पर लकड़ी डली है? खच्चर जा रहे हैं?' (गधेरा म्हणजे नाला.) खेचर जात नसेल तर समजून घ्या. खेचरवाला आपलं जनावर उगाच धोक्यात घालत नाही, माणसं घालतात.

रस्त्याचं वेगळं, पायवाटेचं वेगळं. धरालीच्या वेळी गंगनानीजवळ लिमचागाडचा पूल गेला होता, तिथे आठवड्याच्या आत बेली ब्रिज उभा राहिला. सैन्य त्या रस्त्याने सीमेवर जातं, म्हणून तेवढी घाई. पायवाटेला ती घाई कोण करणार? गाडी गंगोत्रीपर्यंत जाते म्हणजे पुढची वाट चालू आहे असं धरू नका.

आणि माची म्हणतेय ते शंभर टक्के खरं. आमच्या गावाकडे पूल गेला की पहिलं नुकसान दूध आणि शाळा. राजमा-बटाट्याचं पीक पलीकडे पडून राहतं. ट्रेकर तर गेल्या महिन्यात आला होता, पुढच्या महिन्यात येईल.

थेपलानाथ

बेली ब्रिज म्हणजे तोच ना, पत्त्यांसारखा जोडायचा?

कलाभवनचा_म्हातारा

पत्त्यांसारखा पडत नाही मात्र. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी काढलेली युक्ती. १० फुटी पोलादी चौकटी, माणसांनी उचलता येतील अशा, पिनांनी जोडायच्या आणि या काठावरूनच पुढे ढकलत न्यायच्या. २०२१ च्या फेब्रुवारीत ऋषिगंगेचा लोंढा आला, तेव्हा रैणीचा पूल जाऊन नीती खोऱ्यातली गावं तुटली. तिथेही सीमा सडक संघटनेने महिन्याभरात हाच लावला. पण चौकटी तिथपर्यंत ट्रकने याव्या लागतात. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाला ट्रक जात नाही.

गाठमारू

कोर्स केलेल्या त्या दोघांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

'पूल आहे का' हे सगळे निघताना विचारतात. मी आधी हे बघतो की मी पलीकडे असताना पूल गेला तर काय. ऑगस्ट २०२५ मध्ये हिमाचलातल्या किन्नर कैलासच्या वाटेवर हेच झालं. दोन कच्चे पूल लोंढ्यात गेले आणि वर गेलेले वरच राहिले. आयटीबीपीने (सीमेवरच्या पोलिस दलाने) नाल्यावर दोर ताणून ४१३ माणसं एकेक करून अलीकडे आणली. व्हिडिओ पाहून वाटतं, हे तर आपल्यालाही येतं. टायरोलियन, म्हणजे ताणलेल्या दोरावरून लटकत पलीकडे जाणं, कोर्समध्ये शिकवतातच. पण कोर्समध्ये दोर दोन्ही काठांवर आधीच बांधलेला असतो. इथे पहिला माणूस दोर घेऊन पलीकडे जाणार कसा? दोन्ही काठांवर माणसं असतील तर दोर फेकता येतो. तुम्ही सगळे एकाच काठावर असाल तर तुमच्या सॅकमधला दोर म्हणजे ओझं.

तपोवनला भोजबासाच्या पुढे भागीरथी ओलांडावी लागते. तिथे तारेवरची ट्रॉली आहे. ती बंद पडली किंवा तारेचा खांब हलला तर तपोवनचं गणित संपलं. मग गोमुख बघून मुकाट्याने परत. हे निघण्याआधी घरी ठरवून या. भोजबासाला थंडीत बसून मतदान घेऊ नका. तिथे हट्टी माणूसच जिंकतो.

वरचे नाले बर्फाच्या पाण्याचे असतात. पहाटे घोट्याएवढे, दुपारी मांडीएवढे. म्हणून ओलांडायचं ते उजाडता उजाडता. बूट काढायचे नाहीत. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, खांद्याला खांदा लावून तिघे-चौघे. आणि कमरेला दोर बांधून ओलांडू नका, सिनेमात करतात तसं. पाय घसरला की तोच दोर तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवतो.

पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा यायला लागला, मातीचा वास आला, वरून गुरगुर ऐकू आली, की वर पळा. खाली नाही, बाजूला-वर. आणि पाणी अचानक कमी झालं तरी पळा.

थेपलानाथ

कमी झालं तर बरंच ना?

गाठमारू

वर कुठेतरी दरड पडून नाला अडलाय, म्हणून कमी झालं. ती दरड फुटली की सगळं एकदम खाली. 'आता कमी आहे, पटकन जाऊ' म्हणणारी माणसं त्यात सापडतात.

आई_बोलतेय

माझा मुलगा या ग्रुपमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. (ओळख दाखवत नाही.) तुमचं वाचून मला झोप लागेल असं वाटत नाही, पण निदान नक्की कशाची काळजी करायची ते कळलं. आत्तापर्यंत मी नुसती थंडीची करत होते.

एक विचारते. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपलेला असतो ना?

इंदूरी_जत्रा

काकू, बहुतेक वेळा असतो. पण १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ आठवा. मान्सून परतायच्या बेतात होता आणि उत्तराखंडात असा कोसळला की मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटर झाला. पिंडारी हिमनदीच्या वाटेवर द्वालीला लोक अडकले. तिथे पिंडर आणि कफनी एकत्र येतात, पूल गेले की माणूस दोन नद्यांच्या बेचक्यात. सुंदरढुंगाकडे तर ट्रेकर दगावले. त्यामुळे ऑक्टोबर म्हणजे परवाना नव्हे. अंदाज बघा, इशारा असेल तर उत्तरकाशीतच थांबा.

अवांतर: मी इंदूरचा. आमच्याकडे हिमालय नाही, पण पाताळपाणी आहे. २०११ च्या जुलैत धबधब्याच्या वर पाण्यात उभं असलेलं एक कुटुंब लोंढ्यात गेलं. डोक्यावर ढग नव्हता म्हणतात, पाऊस वर झाला होता. ती क्लिप आम्ही अजून विसरलो नाही. तरी दर पावसाळ्यात त्याच दगडावर उभं राहून सेल्फी काढणारे सापडतातच.

शेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

इंदूरकर आले म्हणजे आता पोहे-जिलेबी येणार.

इंदूरी_जत्रा

आलेच समजा. ट्रेकला पोहे नेता येतात, शेव-उसळ नेऊन दाखवा.

थेपलानाथ

लीलो चिवडा नेतो आम्ही. महिनाभर टिकतो आणि अस्वलही हुंगून पुढे जातं.

माची_ते_मंदिर

पाताळपाणीवरून आठवलं. आपल्याला 'पाऊस इथे नाही तर पूरही नाही' ही सवयच लागलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्या वर गेली, तेव्हा आमच्या सोसायटीत पाऊस थांबला म्हणून लोक गाड्या परत खाली लावायला निघाले होते. पाणी वरून, आजवा धरणाकडून येत होतं. गाड्याही गेल्या आणि मग खाली मगर आली, ते वेगळंच.

धरालीच्या दिवशी हर्षिलच्या मापकात ढगफुटी म्हणावी असा पाऊस नव्हताच. हवामान खात्याच्या व्याख्येने तासाला १०० मिलिमीटर लागतात. वर हिमनदीच्या अंगाला काय झालं, यावर तज्ज्ञांत मतं आहेत. गावातल्या माणसाला आभाळ बघून काही कळायची सोयच नव्हती.

दोर_नको_पायरी_हवी

पुलांवरून, इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचा लोखंडी साकव पण घ्या. जून २०२५, रविवार, चार माणसं गेली. तोही पूरच होता ना?

कलाभवनचा_म्हातारा

नदीला पाणी होतं, पण दोष गर्दीचा. जुना, गंजलेला, धोक्याची पाटी लावलेला साकव आणि त्यावर फोटो काढायला उभी माणसं. पायी पूल चालत जाणाऱ्यांसाठी असतो, उभ्या जत्रेसाठी नाही. डोंगरातही लक्षात ठेवा, झुलत्या पुलावर एका वेळी थोडेच जण, पावलं न जुळवता. समोरून खेचरं येत असतील तर तुम्ही काठावर थांबा. आणि डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या नाही.

नामचेबाझार

नेपाळचा विषय निघालाय म्हणून. एव्हरेस्टच्या खुंबू भागात ४ ऑगस्ट १९८५ ला दिग त्सो हा हिमतलाव फुटला. नवं बांधलेलं वीजघर गेलं आणि खालचे १४ पूल. एव्हरेस्टची वाटच बंद. त्यानंतर पूल हळूहळू वर सरकत गेले. नामचेच्या चढाआधी दूधकोसीवर जो उंच झुलता पूल लागतो, त्याच्या खाली जुना पूल अजून दिसतो. दोन्हींमधलं अंतर बघितलं की कलाभवनकाकांचा सगळा प्रतिसाद समजतो. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या अंगाचे तलाव फुटून थामे गावात परत लोंढा आलाच. शेर्पा गिर्यारोहकांचं गाव ते. दिवसा आला म्हणून माणसं वाचली, घरं आणि शाळा गेली.

तेव्हा 'एकदाच पक्का बांधून टाका' यातलं 'एकदाच' काढा.

दांडियाबाजार_डायरी

बापरे. एक प्रश्न टाकून मी ऑफिसला गेलो, इथे अभ्यासवर्ग भरलाय. सगळ्यांचे आभार. पक्क्या पुलाचं माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. माचीताईंचा मुद्दा मला जास्त टोचला. पण काका, नाल्यावर लाकूड आणि गावाला तारांचा पूल, हे वाटप पटलं.

वर्गणीचं मात्र कुणी बोललं नाही. आमचे सद्गृहस्थ हट्टाला पेटलेत. पाटीवर काय लिहायचं तेही ठरलंय: 'बडोदे संस्थान ट्रेकिंग मंडळींकडून सप्रेम.'

शेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

पाटी आधी लावा, पूल नंतर येईल. सरकारी पद्धत तीच आहे.

माहेर_बडोदा

राष्ट्रीय उद्यानात तुम्ही खिळाही ठोकू शकत नाही, पूल लांबच. परवानगी, नकाशा, पर्यावरण, सगळं वनखात्याकडे. तेच दर मोसमात लाकडं टाकून घेतात.

द्यायचंच असेल तर सरळ सांगते. वाट बंद झाली की पोर्टर आणि खेचरवाल्यांचा मोसम जातो. त्यांना पगार नसतो, विमाही बहुतेकांना नसतो. ट्रेक रद्द झाला तर तुम्ही अॅडव्हान्ससाठी भांडता. ठरवलेल्या पोर्टरला निदान दोन दिवसांची मजुरी द्या. कुणी देत नाही. एवढं केलंत तरी माझ्या सासरी बडोद्याचं नाव निघेल, पाटीशिवाय.

गाठमारू

+१. आणि त्यात अजून एक. एका ट्रेकला आमच्या गाइडने नाल्यापाशी थांबवलं, पाणी उतरेपर्यंत पुढे नको म्हणाला. आमच्यातल्या दोघांनी 'पैसे कशाचे घेतोस' असं तोंडावर सुनावलं. संध्याकाळी त्याच नाल्यातून झाडं वाहत येताना दिसली. सुनावणारे रात्री तंबूतून बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बक्षिसी मात्र त्यांनीच सगळ्यात कमी दिली.

मराठी_माउंटेनियर

थोडा विरोधी सूर लावतो. एवढं सगळं वाचून लोक घरीच बसतील. केदारनाथचं बघा. २०१३ ला वाटेवरचं रामबाडा नकाशावरून पुसलं गेलं, गौरीकुंडची वाट १४ वरून १६ किमी झाली, मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने नवी काढली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या लोकांनी बर्फात राबून ती उभी केली. ३१ जुलै २०२४ ला परत ढगफुटी, रामबाड्याचे दोन पूल गेले, वाट जागोजागी तुटली, हजारो लोक हेलिकॉप्टरने आणि पायी काढले. तरी यात्रा परत सुरू झालीच. डोंगरात वाट जाते आणि परत होते. आपण त्यासाठी घाबरून जायचं का?

माची_ते_मंदिर

घाबरू नका, पण 'होते' असं म्हणू नका. ती आपोआप होत नाही. कुणीतरी बर्फात फावडं मारतं, तुम्हीच लिहिलंत की.

आणि दर वेळी परत जास्त माणसं सोडायची का, हाही प्रश्न आहेच. गोमुखला १५० ची मर्यादा आहे तशी इतर वाटांवर का नाही?

मराठी_माउंटेनियर

मर्यादेला पाठिंबा. पण मग परवाने घ्यायला एजन्सी आधी पोचतील आणि आपल्यासारखे रांगेत. यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

दांडियाबाजार_डायरी

काल सगळे कीर्ती मंदिराजवळ भेटलो. ठरलं ते सांगतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघणार. हरिद्वारहून परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढलंय, म्हणजे अडकलो तरी नाल्यात उडी मारायची घाई नको. गंगोत्रीला पोचल्यावर खेचरं चालू असतील तर भोजबासा. तपोवनचं तिथे ट्रॉली बघून. ट्रॉली चालू आणि आभाळ मोकळं असेल तरच पुढे, एकाने जरी नको म्हटलं तरी सगळे मागे. शेवटच्या अटीवर अर्धा तास वाद झाला. कोर्सवाल्या दोघांना ती मान्य नव्हती. शेवटी त्यांनाच 'नको' म्हणायचा पहिला हक्क दिला, तेव्हा गप्प झाले.

पूल-वर्गणी रद्द. तो डबा आता पोर्टरच्या मजुरीचा. माहेर_बडोदा ताई, सासरच्या ओळखीतला एखादा चहावाला किंवा पोर्टर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? चिरबासाच्या लाकडांची चौकशी तुम्ही सांगितली त्याच हिंदीत करतो.

माहेर_बडोदा

व्यनि केलाय. फोन सकाळी सातच्या आत करा, नंतर तो वर जातो, रेंज नसते. आणि येताना लीलो चिवडा दोन किलो जास्त घ्या. एक त्याच्यासाठी, एक देहरादूनला माझ्याकडे.

थेपलानाथ

दोनात भागणार नाही, तीन घ्या. डायरीकार, तुमच्या ग्रुपमध्ये एक जागा आहे का? चिवडा मी आणतो.

आई_बोलतेय

'एकाने नको म्हटलं तरी मागे' ही अट कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि फोटो इथे टाका. मुलाचं नाव झाकलंत तरी चालेल, सही मी ओळखते.